लाफ्कादिओ हर्न : टोकियोतील अखेरचे आठवडे

जपानविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या पाश्चात्त्य लेखकांमध्ये लाफ्कादिओ हर्न (१८५०–१९०४) यांचे स्थान वेगळे आहे. प्रवासवर्णनकार, लोककथांचे पुनर्कथन करणारा शैलीकार, जपानी समाजाचा भाष्यकार अशा नात्यांनी त्यांची चर्चा झाली आहे. परंतु जपानमधील त्यांच्या चौदा वर्षांच्या वास्तव्याचा मोठा भाग अध्यापनात गेला, आणि त्यांचे लेखन या अध्यापनाच्या कडेकडेने, उरलेल्या वेळात आणि बहुतेकदा प्रकृतीच्या मोबदल्यात झाले, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही. १९०४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील त्यांचे अखेरचे आठवडे या दृष्टीने फार बोलके आहेत. शिक्षक, लेखक, पिता आणि परक्या देशात घर करून राहिलेला एक मनुष्य, या चारही भूमिका त्या थोड्या दिवसांत एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

त्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. आयोनियन समुद्रातील लेफ्कादा बेटावर २७ जून १८५० रोजी त्यांचा जन्म झाला. बेटाच्या नावावरूनच त्यांचे नाव आले. वडील ब्रिटिश लष्करातील आयरिश शल्यवैद्य, आई ग्रीक. आईवडिलांचा संसार मोडला आणि डब्लिन येथे एका वृद्ध नातेवाईक बाईंनी मुलाला वाढवले. शाळेत खेळताना वयाच्या सोळाव्या वर्षी डावा डोळा गेला. उरलेल्या उजव्या डोळ्याची दृष्टीही अत्यंत अधू होती. १८६९ मध्ये ते जवळजवळ निराधार अवस्थेत अमेरिकेस गेले. सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स येथे वृत्तपत्रांत काम केले, मार्टिनिक बेटावर राहिले आणि एप्रिल १८९० मध्ये योकोहामा बंदरात उतरले. मात्सुए येथील शाळेत इंग्रजीचे शिक्षक, पुढे कुमामोटो, मग कोबे येथे वृत्तपत्रीय काम आणि १८९६ पासून टोकियोच्या इंपीरिअल विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे व्याख्याते, असा हा क्रम आहे.

मात्सुए येथे सामुराई कुळातील कोइझुमी सेत्सु यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परकीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रीचे आणि तिच्या मुलांचे हक्क त्या काळी सुरक्षित नव्हते. म्हणून १८९६ मध्ये हर्न यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडून जपानी नागरिकत्व पत्करले, पत्नीचे कुलनाम घेतले आणि ते कोइझुमी याकुमो झाले. या निर्णयाकडे पौर्वात्य संस्कृतीविषयीच्या प्रेमाचा आविष्कार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रेम होतेच, पण निर्णयाच्या मुळाशी घर, वारसा आणि मुलांचे भवितव्य यांची रोकडी काळजी होती. याच काळजीने पुढे त्यांची अखेरची वर्षे झाकोळली.

जानेवारी १९०३ मध्ये इंपीरिअल विद्यापीठाकडून त्यांना कळवण्यात आले की मार्चनंतर त्यांची नेमणूक चालू राहणार नाही. परदेशी अध्यापकांच्या जागी परदेशांत शिकून आलेल्या जपानी विद्वानांना नेमण्याचे धोरण तेव्हा आकाराला येत होते, आणि कायद्याने जपानी झालेल्या हर्न यांना परदेशी अध्यापकाचे भारी वेतन का द्यावे हाही प्रश्न होता. नागरिकत्व स्वीकारल्यामुळे ते कुटुंबाला आधार देऊ शकले. त्याच नागरिकत्वाने त्यांची जागा डळमळीत केली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या बाजूने चळवळ केली. विद्यापीठाने तास आणि वेतन कमी करून राहण्याचा प्रस्ताव पुढे केला, पण दुखावलेल्या हर्न यांनी तो नाकारला. त्यांची जागा ज्यांनी भरून काढली त्यांत नुकतेच लंडनहून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. सोसेकींना या नेमणुकीचा फारसा आनंद झाला नाही. हर्न यांच्या व्याख्यानांना सरावलेल्या विद्यार्थ्यांनाही नव्या शिक्षकाची विश्लेषक पद्धत प्रथम रुचली नाही. आधुनिक जपानी कादंबरीचा प्रणेता आणि जुन्या जपानचा हा उपासक एकाच अध्यासनाशी असे जोडले गेले, ही जपानी साहित्येतिहासातील एक विलक्षण घटना म्हणावी लागेल.

याच सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने दिलेले व्याख्यानमालेचे निमंत्रणही मागे घेतले. थोरला मुलगा काझुओ याला घेऊन अमेरिकेस जावे, त्याच्या शिक्षणाची सोय लावावी, असा हर्न यांचा बेत होता. तो फसला. हाती राहिली ती व्याख्यानांसाठी जमवलेली सामग्री. तिचेच त्यांनी एका मोठ्या ग्रंथात रूपांतर केले. ‘जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन’ हा तो ग्रंथ. पूर्वजपूजा हे जपानी कुटुंबाचे, समाजाचे आणि राज्यसंस्थेचे अधिष्ठान आहे, हा त्यातील मध्यवर्ती विचार. हर्बर्ट स्पेन्सरच्या समाजशास्त्राचा त्यावरील ठसा आज जुनाट वाटतो आणि काही विधाने अतिव्याप्त आहेत. तरीही ज्या समाजात आपण मुलेबाळे वाढवली त्याचा अर्थ सलगपणे मांडण्याची त्यातील तळमळ खरी आहे. एवढा मोठा ग्रंथ इतक्या थोड्या अवधीत लिहिणे सोपे नाही, हे पुस्तक आपला जीव घेईल, असे ते पत्नीजवळ बोलत. बोलण्याच्या ओघातील हा उद्गार नंतर तिला वारंवार आठवला.

मार्च १९०४ मध्ये वासेदा विद्यापीठाने त्यांना बोलावले. ओकुमा शिगेनोबू यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत आठवड्याला चारच तास शिकवायचे होते. इंपीरिअल विद्यापीठात हर्न सहकाऱ्यांत मिसळत नसत. दोन तासांमधील वेळ ते अध्यापकांच्या खोलीऐवजी आवारातील तळ्याकाठी चिरूट ओढत फिरण्यात घालवीत. (हेच तळे पुढे सोसेकींच्या १९०८ च्या कादंबरीमुळे ‘सान्शिरो’च्या नावाने ओळखले जाऊ लागले.) वासेदात मात्र त्यांना मोकळे वाटले. संस्थेचे एक धुरीण ताकाता सानाए यांच्या घरी गेले असता यजमानीणबाईंनी जुन्या जपानी रीतीने, जपानीतूनच त्यांचे आगतस्वागत केले. एवढ्याशा गोष्टीने ते हरखून गेले आणि घरी येऊन सेत्सुला त्यांनी ती कौतुकाने सांगितली. नव्या पद्धतीच्या पोशाखी, इंग्रजी बोलणाऱ्या जपानची त्यांना जी अढी होती, ती या प्रसंगातून कळते.

एप्रिलमध्ये बोस्टनहून ‘क्वाइदान’ प्रसिद्ध झाले. आज हर्न यांचे नाव मुख्यतः ज्या पुस्तकावर टिकून आहे ते हेच. त्याच्या निर्मितीची रीत साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी. हर्न यांना जपानी ग्रंथ वाचता येत नव्हते आणि सेत्सुला इंग्रजी येत नव्हते. दोघांमध्ये प्रत्ययांना आणि क्रियापदांच्या रूपांना फाटा दिलेली एक घरगुती जपानी भाषा तयार झाली होती. सेत्सु जुन्या बाजारातून कथांची पुस्तके मिळवी, ती वाचून ठेवी आणि रात्री दिव्याची वात बारीक करून पतीला गोष्ट सांगे. पुस्तक हाती धरलेले त्यांना चालत नसे; तिने ती आपल्या शब्दांत, आपल्या विचाराने सांगावी असा त्यांचा आग्रह असे. एखादे वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावीत, पायरव कसा झाला असेल, स्वर कसा निघाला असेल असे विचारीत. होइची या आंधळ्या वीणावादकाची कथा लिहीत असताना संध्याकाळ झाली तरी ते दिवा लावीत नसत. शेजारच्या खोलीतून सेत्सुने होइचीच्या नावाने हाक दिली, की आपणच तो आंधळा वादक आहोत अशा स्वरात ते ओ देत. लिखित कथा वाचली जाऊन तोंडी झाली, आणि तोंडी कथा दुसऱ्या भाषेत पुन्हा लिखित झाली, असा हा दुहेरी प्रवास आहे. अशा संहितेला अनुवाद म्हणावे, पुनर्कथन म्हणावे, की दोघांची संयुक्त निर्मिती म्हणावे, हा प्रश्न अद्याप नीट सोडवला गेलेला नाही. मुखपृष्ठावर नाव एकाचेच आले, हे मात्र खरे.

भारतीय वाचकाला येथे आणखी एक धागा सापडतो. जपानला येण्यापूर्वी सहा वर्षे, १८८४ मध्ये, हर्न यांनी ‘स्ट्रे लीव्ह्‌ज फ्रॉम स्ट्रेंज लिटरेचर’ हा संग्रह प्रसिद्ध केला होता. त्यात महाभारतातील तिलोत्तमेच्या निर्मितीची कथा आहे आणि मराठी वाचकाला ‘वेताळपंचविशी’मुळे परिचित असलेला प्रेतातील वेताळही आहे. त्या कथा त्यांनी पाश्चात्त्य भाषांतील ग्रंथांवरून रचल्या होत्या. त्या अलंकृत आहेत, शब्दबंबाळ आहेत. ‘क्वाइदान’मधील गद्य त्या मानाने किती उघडे आणि शांत झाले आहे हे पाहिले, की सेत्सुच्या तोंडी कथनाने लेखकाला काय दिले याची कल्पना येते.

१९०४ च्या फेब्रुवारीत रशियाशी युद्ध सुरू झाले होते. त्या उन्हाळ्यात टोकियोच्या रस्त्यांवर खेळणी, पंचे, केसांतील पिना अशा साध्यासुध्या वस्तूंवरही युद्धाची चित्रे उमटू लागली. हर्न यांनी या किरकोळ वस्तूंचे बारकाईने निरीक्षण करून १ ऑगस्टच्या तारखेचा एक लेख अमेरिकेतील मासिकासाठी लिहिला. रणांगणाविषयी त्यात फार थोडे आहे. शांत चेहऱ्याने दैनंदिन व्यवहार करणाऱ्या लोकांविषयी अधिक आहे. लेख नोव्हेंबरमध्ये छापून आला तेव्हा लेखक हयात नव्हता.

तो लेख हातावेगळा करून ते काझुओ आणि इवाओ या मुलांसह याइझूला गेले. सुरुगा आखातावरील हे मच्छीमारांचे गाव त्यांनी १८९७ पासून आपलेसे केले होते. ओतोकिची नावाच्या मासळीविक्रेत्याच्या घराचा वरचा मजला ते भाड्याने घेत. पिसवा, माशांचा वास, उकाडा यांची त्यांनी कधी तक्रार केली नाही. किनारा दगडगोट्यांचा, पाणी एकदम खोल आणि लाटा जबर. अशाच समुद्राची त्यांना ओढ होती. ओतोकिचीच्या घरातील दारुमाच्या एकाक्ष बाहुलीवर त्यांनी पूर्वी एक हृद्य लेख लिहिला होता. पाहुण्याने निघताना भरघोस पैसे दिल्यावर यजमानाने बाहुलीला दुसरा डोळा रंगवला, अशी त्याची हकीकत आहे. एकाच डोळ्याने जग पाहणाऱ्या लेखकाने तो लेख किती हलक्या हाताने लिहिला आहे, हे मुळातूनच पाहण्यासारखे आहे.

या वर्षी सेत्सु तान्ह्या मुलीला घेऊन टोकियोतच राहिली. हर्न तिला रोज पत्र लिहीत. ही पत्रे सोप्या काताकाना लिपीत, त्या घरगुती भाषेत आहेत: मुले काय जेवली, इवाओ पोहायला कितपत शिकला, काझुओचा धडा कसा झाला, आज लाट केवढी होती. व्याकरणाच्या दृष्टीने मोडकी आणि भावनेच्या दृष्टीने निर्दोष अशी ही पत्रे त्यांच्या छापील गद्याइतकीच मोलाची आहेत. त्यांतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. किनाऱ्यावर लाटांपासून रक्षण करणाऱ्या जिझोची एक मोडकळीला आलेली मूर्ती त्यांना दिसली. नवी मूर्ती घडवून घ्यावी आणि तीवर काझुओचे नाव कोरावे असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी तसे घरी कळवले. सेत्सु घाबरली. जिझो हा मेलेल्या बालकांचा कैवारी. जिवंत मुलाचे नाव त्याच्या मूर्तीवर घालणे तिला अशुभ वाटले. हर्न यांनी लगेच क्षमा मागितली, आपला जिझो स्मशानातला नसून समुद्राचा राखणदार आहे एवढे जाता जाता समजावले आणि बेत सोडून दिला. जपानी लोकदैवतांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाने घरातल्या श्रद्धेपुढे वाद घातला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस सर्वजण ओकुबोच्या घरी परतले. हे घर १९०२ मध्ये घेतलेले. त्यापूर्वी ते इचिगाया भागात कोबुदेरा नावाच्या जुन्या मंदिराजवळ राहत आणि रोज त्याच्या राईत फिरत. मंदिराच्या चालकांनी राईतील मोठे सीडार वृक्ष तोडले, तेव्हा त्यांना इतके दुःख झाले की तेथे राहणेच नकोसे झाले. ओकुबोच्या अभ्यासिकेत त्यांचे उंच मेज होते. कागद डोळ्यापासून दोनचार बोटांच्या अंतरावर यावा म्हणून ते मुद्दाम उंच करून घेतलेले. तंबाखू ओढण्याच्या लांब नळ्यांचा ढीग जवळ असे आणि विस्तव संपला, की ते शंख फुंकून घरच्यांना वर्दी देत. पहाटे काझुओचा धडा असे. मुलगा शाळेत जात असला तरी इंग्रजी त्याला वडीलच शिकवीत. जुन्या वर्तमानपत्रांवर शाईने मोठमोठी अक्षरे काढून त्यांनी तयार केलेले पाठ आजही जपून ठेवलेले आहेत. हा धडा कडक असे. मुलाच्या डोळ्यांत पाणी येई. आपल्याला वेळ थोडा आहे असे वाटणाऱ्या शिक्षकाची ती घाई असावी.

ग्रंथाचे काम अमेरिकेत चालू होते. तिकडे खिळे जुळवले जात असल्याचा आवाज आपल्याला येथे ऐकू येतो, असे ते घरात गमतीने म्हणत. त्याच वेळी आकाशगंगेच्या आख्यायिकेवरील आणि भुताखेतांच्या काव्यावरील लेखांसह एक नवा संग्रहही तयार होत होता. तो त्यांच्यामागे १९०५ मध्ये निघाला.

१९ सप्टेंबरच्या दुपारी सेत्सु अभ्यासिकेत डोकावली तेव्हा ते छातीवर हात ठेवून येरझारा घालीत होते. हा नवा आजार आहे, एवढेच त्यांनी सांगितले. तिने वैद्याला बोलावणे धाडले. तेवढ्यात त्यांनी कायदेपंडित मित्र उमे केंजिरो यांच्या नावे पुढील व्यवस्थेसंबंधी चार ओळी लिहून ठेवल्या आणि मग शांतपणे पत्नीला सूचना दिल्या. वेदना आणखी वाढली तर आपण बहुधा जाऊ, रडू नये, तीन सेनला मिळते तसले लहानसे मडके आणून त्यात अस्थी ठेवाव्यात आणि एखाद्या ओसाड मंदिराच्या आवारात पुराव्यात, मुलांबरोबर पत्ते खेळावेत, कोणी चौकशी केली तर ते मागेच वारले म्हणून सांगावे. सेत्सुने असे बोलू नये म्हणून विनवले. वैद्य येईपर्यंत कळ थांबली होती आणि रुग्ण ओशाळला होता.

पुढचा आठवडा नेहमीसारखाच गेला. त्या दिवसांत मागील अंगणातील चेरीच्या झाडावर अवेळी फुले आली. अशा परतून येणाऱ्या फुलांना जपानीत स्वतंत्र शब्द आहे आणि घरातील जुनी माणसे तो अपशकुन मानतात. हर्न ओसरीच्या कडेला बसून ती पाहत राहिले. उबेला भुलून वसंत आला असे झाडाला वाटले, आता थंडी पडताच ही फुले घाबरून गळतील, अशी त्यांनी कीव केली. घरात पिंजऱ्यात एक मात्सुमुशी, म्हणजे गाणारा रातकिडा होता. शरद ऋतू पुढे सरकला तसा त्याचा स्वर खालावला. याने आपल्याला पुष्कळ आनंद दिला, एखाद्या उबदार दिवशी याला हळूच गवतात सोडून देऊ, असे दोघांचे ठरले. मोलकरणीच्या हयगयीने उपाशी मेलेल्या अशाच एका कीटकावर त्यांनी १९०२ च्या ‘कोत्तो’मध्ये निबंध लिहिला होता. त्याची बोच बहुधा मनात असावी.

२६ सप्टेंबरच्या सकाळी सेत्सु अभ्यासिकेत गेली तेव्हा ते उठून तंबाखू ओढीत बसले होते. रात्री आपण फार लांबचा प्रवास केला असे स्वप्न पडल्याचे त्यांनी सांगितले. तो प्रदेश जपान नव्हता आणि युरोपही नव्हता. आता येथे बसून तंबाखू ओढतो आहोत हे खरे की तो प्रवास खरा, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटत होते. त्या दिवशी त्यांनी मांचुरियाच्या आघाडीवर असलेल्या कप्तान फुजिसाकी या मात्सुएतील जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. चौदा वर्षांपूर्वी वर्गात समोर बसलेला मुलगा आता युद्धात होता, आणि शिक्षकाचे बहुधा अखेरचे लेखन त्याच्यासाठी झाले.

संध्याकाळचे जेवण मुलांसोबत हसतखेळत झाले. त्यानंतर थोड्याच वेळात ते सेत्सुजवळ येऊन मागचे दुखणे परत आल्याचे हलक्या आवाजात म्हणाले. तिने त्यांना निजवले. रात्री आठच्या सुमारास हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. चेहऱ्यावर वेदनेची खूण नव्हती. वय चौपन्न.

३० सप्टेंबर रोजी अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला, आणि तोही कोबुदेरातच, ज्याच्या राईतील झाडे तुटल्यामुळे त्यांनी तो परिसर सोडला होता. ओसाड मंदिर आणि तीन सेनचे मडके ही इच्छा काही पुरी झाली नाही. लोकांनी आपल्या रीतीने सन्मान केला. झोशिगाया येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. बारा वर्षांनी, १९१६ मध्ये, सोसेकी वारले आणि तेही त्याच दफनभूमीत विसावले. जपानविषयीच्या ग्रंथाची छापील प्रत हर्न यांच्या हाती पडली नाही. १९२३ च्या भूकंपानंतर त्यांचा दोन हजारांहून अधिक पुस्तकांचा संग्रह तोयामा येथे नेण्यात आला; त्या ग्रंथाचे हस्तलिखितही तेथेच आहे.

विद्यापीठातील व्याख्याने हर्न यांनी स्वतः कधी लिहून ठेवली नव्हती. परकी भाषा ऐकणाऱ्या मुलांना प्रत्येक शब्द टिपता यावा म्हणून ते अगदी संथ, जवळजवळ मजकूर सांगावा तसे बोलत. मुलांच्या त्या वह्या अमेरिकेस पोचल्या आणि जॉन अर्स्किन यांनी त्यांवरून सिद्ध केलेले पहिले दोन खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी एक वर्ष सेत्सुच्या आठवणी तानाबे र्‍युजी यांनी लिहिलेल्या हर्न-चरित्रात आल्या होत्या. त्याही तिने स्वतः लिहिल्या नाहीत; ती सांगत गेली आणि एका आप्ताने त्या टिपून घेतल्या. अखेरच्या आठवड्यांविषयी आज जे माहीत आहे त्यातील बहुतेक सर्व त्या सांगण्यातून आले आहे. ती १९३२ मध्ये वारली. तिची समाधी झोशिगायात हर्न यांच्या शेजारीच आहे.